ज्यू दंतकथांमध्ये एलिया संदेष्टाच सारखा का भेटतो?

बायबलमध्ये इतके संदेष्टे असताना ज्यू लोकांच्या गोष्टींत एलियाच पुन्हा पुन्हा का येतो, असं तुम्ही विचारलंय. कारण तो मेलाच नाही. अग्नीचा रथ आला आणि तो वावटळीतून स्वर्गात गेला. मग असा माणूस कधीही, कुणाच्याही दारात उभा राहू शकतो. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री त्याच्यासाठी द्राक्षरसाचा पेला भरून ठेवतात आणि दार उघडतात, ते म्हणूनच.

मूळचा एलिया फार कडक. पाऊस थांबवणारा, कर्मेल डोंगरावर बआल या परक्या देवाच्या पुजाऱ्यांना आव्हान देणारा. ‘इस्राएल लोकांनी तुझा करार मोडला,’ अशी तक्रारही त्याने देवाकडे केली. सुंता ही त्याच कराराची खूण, म्हणून पुढच्या पिढ्यांनी त्यावर गोष्ट रचली. देव म्हणाला, ‘मग आता प्रत्येक सुंतेला तू जातीने हजर राहा आणि करार पाळतात की नाही ते डोळ्यांनी बघ.’ आजही सुंतेच्या वेळी त्याची खुर्ची मांडतात. तक्रार करणाऱ्यालाच घराघरातला पाहुणा करून टाकलं!

तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथातला एलिया तर पार मवाळ झालाय. रब्बी (ज्यू धर्मगुरू) बेरोका त्याला भर बाजारात विचारतो, ‘इथे परलोकाचा वाटेकरी कोण?’ एलिया दोघांकडे बोट दाखवतो. रब्बी त्यांना धंदा विचारतो. ते म्हणतात, ‘आम्ही विनोदी माणसं. कुणी उदास दिसला की त्याला हसवतो, दोघं भांडताना दिसले की त्यांचं जुळवून देतो.’ मला वाटतं, एलियाची सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. आमच्याकडे नवस फेडायचा, घरात मंगलकार्य असलं की मलिद्याचा विधी होतो आणि त्यात एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं नाव घेतलंच जातं. भिजवलेले गोड पोहे, त्यावर ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं. अलिबागजवळच्या खंडाळे गावात (घाटातलं खंडाळा नव्हे) एक खडक आहे. एलियाचा रथ तिथे उतरला आणि तिथूनच तो वर गेला, अशी आमची श्रद्धा. घोड्यांच्या टापांच्या आणि चाकांच्या खुणा दाखवतात. लहानपणी आजीने माझा हात धरून त्यातल्या एका खळग्यात ठेवला होता. दगड उन्हाने तापलेला होता. आजी म्हणाली, ‘बघ, घोडे आत्ताच गेलेत.’