मिस्सात प्रवचन कोणी द्यायचं?

आधी एक फरक पक्का करून घ्या. मिस्सात, म्हणजे कॅथोलिक चर्चच्या मुख्य उपासनाविधीत, शुभवर्तमानाच्या (येशूच्या जीवनावरच्या बायबलमधल्या पाठाच्या) वाचनानंतरचं प्रवचन वेगळं आणि चर्चमध्ये एरवी केलेला उपदेश वेगळा. निम्मे गोंधळ इथेच होतात.

कॅथोलिक चर्चच्या 1983 च्या धर्मसंहितेतला कॅनन (कलम) 767 मिस्सातलं प्रवचन फक्त दीक्षित व्यक्तींसाठी, म्हणजे बिशप, धर्मगुरू आणि डीकन (धर्मगुरूंच्या खालच्या पायरीवरचे दीक्षित सेवक) यांच्यासाठी राखून ठेवतो. सेमिनरीतला, म्हणजे धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणारा, विद्यार्थी ईशज्ञानात कितीही हुशार असला, तरी डीकनपदाची दीक्षा होईपर्यंत त्याला ते देता येत नाही. सिस्टर, ब्रदर, धर्मशिक्षक यांनाही नाही. 'बिशपांची खास परवानगी काढू' असं कोणी सुचवेल. पण या नियमातून सूट देण्याचा अधिकार बिशपांनाही नाही, असा अधिकृत खुलासा 1987 मध्येच झाला आहे.

मग प्रापंचिकांना, म्हणजे दीक्षा न झालेल्या सामान्य भाविकांना, वावच नाही का? आहे. कॅनन 766 नुसार गरज किंवा उपयोग असेल तेव्हा, बिशप परिषदेच्या नियमांत राहून, ते चर्चमध्ये बोलू शकतात, प्रार्थनासभेत, उदाहरणार्थ. त्यांना श्रद्धेची साक्ष किंवा माहिती द्यायची असेल, तर व्हॅटिकनच्या 2004 च्या सूचनेप्रमाणे ती शक्यतो मिस्साबाहेर ठेवावी. गंभीर कारण असेल तर मिस्सातच, कम्युनियननंतरची (पवित्र भाकरीच्या प्रसादानंतरची) प्रार्थना झाल्यावर. प्रवचनाच्या जागी मुळीच नाही.

मुलांच्या मिस्साला मात्र सवलत आहे: धर्मगुरूंना मुलांच्या पातळीवर बोलणं जमत नसेल, तर चर्चप्रमुखांच्या संमतीने एखादी मोठी व्यक्ती शुभवर्तमानानंतर बोलू शकते.

आणि रविवारी प्रवचन गाळायला गंभीर कारण लागतं. 'वक्ता मिळाला नाही' हे कारण नव्हे, मिस्सा अर्पण करणारे धर्मगुरू तिथेच असतात.