नकाशा कोणाला स्थलांतरित म्हणतो?

देशोदेशीच्या स्थलांतरितांच्या नकाशांविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांपैकी चार प्रश्न आज घेतो आहे.

प्रश्न : आम्ही धंतोलीतल्या अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. सर्वाधिक स्थलांतरित एका नकाशात अमेरिकेत दिसतात, दुसऱ्यात संयुक्त अरब अमिरातीत. बरोबर कोणता?

उत्तर : दोन्ही बरोबर. पहिला माणसं मोजतो, दुसरा लोकसंख्येतला वाटा. संयुक्त राष्ट्रांच्या २०२० च्या अंदाजानुसार अमेरिकेत सुमारे ५.१ कोटी स्थलांतरित होते, म्हणजे तिथल्या लोकसंख्येच्या साधारण १५ टक्के. अमिरातीत ते ८७ लाखच, पण वाटा ८८ टक्के! उत्तरपत्रिकेत संख्या की टक्केवारी, ते आधी लिहा. शिवाय या आकड्यात चाळीस वर्षांपूर्वी गेलेला आणि गेल्याच वर्षी गेलेला, दोघंही असतात. यंदा किती लोक गेले, हे त्यावरून कळत नाही.

प्रश्न : माझा नातू ह्यूस्टनला जन्मला, नात दुबईला. दोघांचेही आईवडील मूळचे नागपूरचे. ही मुलं नकाशात कुठे येतात? – एक आजी, सोमलवाडा

उत्तर : आजी, तुमच्या प्रश्नातच या विषयाचा गाभा आहे. अमेरिकेत जन्म कुठे झाला हे विचारतात. नातू तिथेच जन्मला, म्हणून तो स्थलांतरित नाही. त्याचे आईवडील मात्र आहेत. आखाती देशांत नागरिकत्व पाहतात. तिथे जन्मल्याने नागरिकत्व मिळत नाही, म्हणून तुमची नात दुबईबाहेर कधी राहिलेली नसली तरी तिथल्या आकड्यात स्थलांतरित ठरते. नकाशात मात्र दोन्ही देश एकाच रंगपट्टीवर रंगवलेले असतात. खालच्या बारीक टिपेत ‘जन्मस्थळानुसार’ की ‘नागरिकत्वानुसार’ हे दिलेलं असतं. ती टीप न वाचता देशांची तुलना करणं मला चुकीचं वाटतं, मग नकाशा कितीही नामांकित संस्थेचा असो.

परदेशातल्या भारतीयांच्या आकड्यांतही असंच घडतं. संयुक्त राष्ट्रांच्या हिशेबाने ते २०२० मध्ये सुमारे १.८ कोटी, तर आपलं परराष्ट्र मंत्रालय तीन कोटींहून अधिक सांगतं. मंत्रालय भारतीय वंशाच्या पुढच्या पिढ्याही धरतं. तुमचा नातू या दुसऱ्या आकड्यात येतो.

प्रश्न : आजोबा १९४० साली कराचीत जन्मले आणि फाळणीनंतर जरीपटक्यात आले. ते परदेशात जन्मलेले कसे?

उत्तर : जन्मस्थळ आजच्या सीमांप्रमाणे मोजतात. आजोबा जन्मले तेव्हा ती सीमाच नव्हती, तरी मोजणीत ते ‘पाकिस्तानात जन्मलेले’. पुढची पिढी जरीपटक्यात जन्मली, ती या हिशेबात येत नाही. म्हणूनच भारतातल्या स्थलांतरितांचा अंदाज १९९० च्या सुमारे ७५ लाखांवरून २०२० मध्ये ४९ लाखांच्या आसपास आला. ते सगळे परत गेले असं कुणी म्हणालं तर मानू नका; फाळणी पाहिलेली पिढी वयोमानाने हे जग सोडून जाते आहे, हे या घटीचं एक मोठं कारण आहे. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये फुटला तेव्हा याच्या उलट झालं. घर न सोडताही लाखो माणसं एका दिवसात परदेशात जन्मलेली ठरली.

प्रश्न : नववीच्या मुलांकडून जगाचा असा नकाशा करून घ्यायचा आहे. काय सांभाळावं? – भूगोल शिक्षिका, काटोल

उत्तर : बाई, टक्केवारीला रंग वापरा, संख्येला वर्तुळं. संख्या रंगाने दाखवली तर रशिया, कॅनडा डोळ्यांत भरतात आणि कतार, कुवेत हरवतात. वर्तुळ काढताना माणसं चौपट असतील तर त्रिज्या दुप्पटच घ्यावी, कारण नजर क्षेत्रफळ मोजते.

त्याआधी एक तास वर्गाचाच नकाशा करा. आई कोणत्या तालुक्यात जन्मली, हे प्रत्येकाने घरी विचारून यावं आणि तिथून काटोलपर्यंत रेघ ओढावी. आपल्या जनगणनेत बायकांच्या स्थलांतराचं सर्वांत मोठं कारण लग्न हे आहे. नरखेड, सावनेर, कदाचित पांढुर्णा, अशा रेघा फळ्यावर उमटल्या की जन्मस्थळाचा रकाना मुलांना वेगळा समजावावा लागणार नाही.