‘मनात विश्वास नाही आणि मी चर्चच्या क्वायरमध्ये, गायकवृंदात, गाते. हे ढोंग आहे का?’

नाताळ किंवा ईस्टर जवळ आला की समुपदेशक म्हणून हा प्रश्न माझ्याकडे हमखास येतो. विचारणारे बहुधा वर्षानुवर्षं चर्चमध्ये गाणारे, पेटी-तबला वाजवणारे असतात. कुणाकडे मृत्यू झालेला असतो, कुणाचं लग्न मोडलेलं. प्रार्थना आटलेली, पण रविवारचं गाणं चालूच, आणि त्याचीच टोचणी लागलेली.

नगरकडच्या एका शिक्षिकेचं उदाहरण देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. धाकटा भाऊ अचानक गेला होता.

“ताई, ओठ हलतात, सूरही लागतो. आत मात्र काही नाही. क्वायर सोडून देऊ का?”

पहिले काही आठवडे आम्ही भावाबद्दलच बोललो. माझी घडण कुटुंबांसोबत काम करण्यात झाली आहे. समोर एकटा माणूस बसला असला, तरी त्याच्या आजूबाजूला कोण आहे हे मी आधी बघते. म्हणून एकदा सहज विचारलं, “शेवटचा सूर लांबवायचा असतो तेव्हा दम कसा पुरतो हो?”

“पुरत नाहीच. शेजारणीने श्वास घेतला की मी धरते, मी घेतला की ती. दोघींनी एकदम घ्यायचा नाही. आणि परत येताना हळूच शिरायचं, दणक्यात नाही. मास्तर फार ओरडतात.”

“म्हणजे श्वास घेताना तुम्ही गात नसता.”

“नाही.”

“मग तेवढा वेळ ढोंग करता?”

त्या गप्प झाल्या. मग अगदी वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, “श्वासाला अर्धा सेकंद लागतो, ताई. मला आठ महिने झालेत.”

इतकं नेमकं उत्तर मला फार क्वचित मिळतं. मी बायबल पुढे केलं आणि अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र वाचायला सांगितलं. अठरा वचनं, देवाला रात्रंदिवस मारलेल्या हाका, आणि शेवट अंधारात. बाकीची विलापस्तोत्रं बहुतेक वेळा कुठेतरी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही. त्यांनी ते वाचलं, मग बोट परत मथळ्यावर नेलं. ‘मुख्य गवयासाठी’, कोरहाच्या वंशजांचं, म्हणजे मंदिरातल्या गायकांचं.

“हेसुद्धा सगळ्यांनी मिळून गायचं होतं?”

त्या दिवशी त्या पहिल्यांदा रडल्या. मी तशी कमी बोलते, त्या दिवशी मुळीच बोलले नाही, आणि ते योग्यच झालं असं मला वाटतं.

‘अजून प्रार्थना करा’ हा सल्ला अशा माणसाला देऊ नये, पाळकांनीही नाही. विश्वास म्हणजे प्रत्येकाच्या छातीतला वेगळा साठा, असं आपण धरून चालतो. पण बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानात, दुसऱ्या अध्यायात, चौघे जण पक्षाघाती माणसाला खाटेवरून आणतात, छप्पर उसकटून खाली सोडतात. येशू त्यांचा विश्वास पाहतो. खाटेवरचा माणूस त्या अख्ख्या प्रसंगात एक शब्दही बोलत नाही. आपल्या मराठी मंडळ्यांना हे नवं नाही. ‘उपासना संगीत’ हे आपलं गीतांचं पुस्तक उघडा, ना. वा. टिळकांचं एखादं पद घ्या. कडवं एकाने म्हणायचं, ध्रुपद सगळ्यांनी उचलायचं. उचलणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय आहे, हे कुणी तपासत नाही.

क्वायर सोडायची घाई करू नका. मात्र मास्तरांना खरं सांगा आणि त्या वर्षी सोलो घेऊ नका, कारण एकट्याने गाताना तुमच्यासाठी सूर धरणारं कुणी नसतं. मंडळीसमोर साक्ष द्यायचा, म्हणजे आपल्या विश्वासाचा अनुभव सांगायचा, आग्रह झाला तर सरळ नाही म्हणा. परत येणं हळूच झालं तरी चालतं. रडू आलं म्हणून कुणी तुम्हाला मागच्या रांगेत ढकलत असेल, तर दोष त्या क्वायरचा. आणि झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, जगणं नकोसं होत असेल, तर तो विश्वासाचा प्रश्न समजू नका. लगेच मानसोपचारतज्ज्ञांकडे जा.

त्या बाईंनी नाताळचा सोलो एका कॉलेजच्या मुलीला दिला. पुढचं विचारलं तर म्हणाल्या, “गुड फ्रायडेला गाईन. ईस्टरचं बघू.”