प्रोलॉगच्या आधी कागद-पेन घ्या

तर्काने उत्तरं देणारे जुने प्रोग्राम समजून घ्यायचे असतील तर थेट प्रोलॉग या तर्कावर चालणाऱ्या प्रोग्रामिंग भाषेला हात घालू नका. आधी एमआयटीतला बर्ट्राम राफेल यांचा १९६४ चा एसआयआर हा प्रोग्राम बघा. माणसाला २ हात, हाताला ५ बोटं, जॉन हा मुलगा, मुलगा म्हणजे माणूस; एवढं सांगितलं की जॉनची बोटं १० हे तो स्वतः काढतो.

मग रॉबिन्सन यांची १९६५ ची रेझोल्यूशन ही सिद्धता शोधायची पद्धत, आणि तिच्यावर उभा असलेला कॉर्डेल ग्रीन यांचा क्यूए३ हा प्रश्नांची उत्तरं देणारा प्रोग्राम. इथे मात्र रेंगाळा. रेझोल्यूशनमध्ये प्रश्नाचं नकारार्थी विधान धरून विसंगती शोधायची असते. त्यातून ‘सिद्ध झालं’ एवढंच हाती येतं, ‘कोण?’ तसंच राहतं. ग्रीन यांनी त्या विधानाला ‘उत्तर’ नावाचं एक पद जोडलं. सिद्धतेत चलाच्या (‘कोणीतरी’साठी धरलेल्या अक्षराच्या) जागी जे नाव बसतं, ते या पदातही बसतं आणि शेवटी तेवढंच उरतं. किती देखणी युक्ती आहे ही! चार-पाच विधानं घेऊन हाताने करून बघाच. नंतर त्यात दहाएक असंबद्ध विधानं मिसळा. एकमेकांशी ताडून बघायच्या विधानांच्या जोड्या भराभर वाढून कागद पुरणार नाही. ‘सेट ऑफ सपोर्ट’, म्हणजे प्रश्नापासून निघालेल्या विधानांशीच जोड्या लावायची युक्ती, त्यानंतरच वाचा.