'ऑप्शन' या शब्दाचे मूळ काय? त्याला 'पर्याय' म्हणावे की 'विकल्प'?

मी ठाण्यात, नौपाड्यात, दहावीच्या मुलांना शिकवतो. तुम्ही ज्याचे मूळ आणि मराठी प्रतिशब्द विचारला आहे, तो 'ऑप्शन' माझ्या कानावर रोज पडतो. मात्र कोशातल्या अर्थाच्या अगदी उलट अर्थाने.

लॅटिनमधील 'ऑप्तारे' या क्रियापदाचे अर्थ दोन, निवडणे आणि इच्छा धरणे. त्यावरून 'ऑप्तिओ' म्हणजे निवड किंवा निवडीचा हक्क. रोमन सैन्यात शतकाधिपतीच्या, म्हणजे सैनिकांच्या एका तुकडीच्या प्रमुखाच्या, दुय्यम अधिकाऱ्यालाही 'ऑप्तिओ' म्हणत, कारण मुळात त्याची निवड शतकाधिपती स्वतः करीत असे. इंग्रजीत हा शब्द १६०० च्या सुमारास स्थिरावला तेव्हा त्याचा अर्थ निवडीची मुभा एवढाच होता. जिच्यातून निवडायचे त्या वस्तूला ऑप्शन म्हणण्याची रीत बरीच नंतरची. शेअर बाजाराने जुना अर्थ जपला आहे. तेथे ऑप्शन घेणाऱ्याला ठरलेल्या भावाने खरेदीचा किंवा विक्रीचा हक्क मिळतो, बंधन नव्हे, आणि त्या हक्काचेच मोल म्हणून तो प्रीमियम भरतो.

दत्तक घेण्यासाठीचा 'अडॉप्ट' याच कुळातला. सोसायटीच्या समितीत जागा रिकामी झाली की आपण एखाद्याला 'को-ऑप्ट' करून घेतो, तोही. रोममधील पुरोहितमंडळे नवे सदस्य याच पद्धतीने घेत असत. गोखले रोडवरच्या पाट्यांवरील 'ऑप्टिशियन' मात्र या घरचा नव्हे, तो दृष्टीविषयक ग्रीक शब्दावरून आला आहे.

आता मराठीकडे. निवडण्याजोग्या वस्तूला 'पर्याय' म्हणावे, आणि निवडीच्या हक्काला 'विकल्प'. सरकारी कर्मचारी नव्या वेतनश्रेणीसाठी देतात तो विकल्पच. अर्थात 'मनात विकल्प आला' असे म्हटले की तेथे शंका असते, निवड नव्हे, ही आपल्या भाषेची गंमत.

उरला माझ्या विद्यार्थ्यांचा ऑप्शन. प्रश्नपत्रिकेत 'कोणतेही तीन सोडवा' असे असल्यामुळे एखादा धडा न वाचताही भागते, आणि त्या धड्याला मुले 'ऑप्शनला टाकतात'. लॅटिनमध्ये जे हवेसे म्हणून निवडले जाई, ते आमच्या वर्गात नकोसे म्हणून सोडले जाते. या प्रयोगाला 'पर्याय' किंवा 'विकल्प' यांपैकी एकही शब्द चालणार नाही. तेथे 'ऑप्शन'च ठेवावा.