डुकरांच्या स्लरीच्या वासावर पावडर घ्यावी का?

कागलजवळ तुमचं शेड आहे, खड्ड्यातल्या स्लरीच्या, म्हणजे डुकरांची विष्ठा, मूत्र आणि पाण्याच्या पातळ मिश्रणाच्या, वासावर दुकानदार जिवाणूंची पावडर देतोय, घेऊ का, असं विचारलंय. लगेच घेऊ नका. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठानं अशी 35 उत्पादनं तपासली होती. बहुतेकांनी वासात फारसा फरक पडला नाही.

आधी चार ड्रम भरा, सगळ्यांत एकाच दिवशीची, सारखी ढवळलेली स्लरी. दोनांत पावडर, दोन तसेच. सहा आठवडे सावलीत ठेवा, दर आठवड्याला ताजी स्लरी सगळ्यांत सारखी घाला, कारण खड्ड्यातही रोज भर पडतेच. मग नुसते आकडे टाकलेल्या कपांत नमुने काढून उघड्यावर शेजाऱ्यांना हुंगायला द्या. पावडर कशात आहे ते त्यांना सांगू नका. तुमचं नाक सरावलंय, ते धरायचं नाही.

चुना टाकू नका, अमोनिया उलट जास्त उठतो. कोरड्या काडाचा तरंगता थर मात्र वास खरंच अडवतो. उसाचं पाचट तुमच्याकडं आहेच, तशीच स्लरी भरून पाचवा ड्रम ठेवा आणि त्यावर फूटभर अंथरून बघा.

आणि खड्डा ढवळताना जपा. हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू एकदम सुटतो, जास्त झाला की नाकाला कळतही नाही. आत कुणालाही उतरू देऊ नका.