आठव्याची भीती नको, बाळाच्या हालचालीकडे लक्ष दे

तुझं पत्र वाचलं. नाशिकला सिडकोत घर, अंबडच्या कंपनीत अकाउंट्सचं काम, पहिलंच बाळंतपण आणि नुकताच लागलेला २९ वा आठवडा. दोन जिने चढले की दम लागतो, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, पोट मधूनच कडक होतं. ऑफिसात बाळ हललेलं कळत नाही, म्हणून दिवसभर जीव टांगणीला लागलेला असतो. नवऱ्याला सांगावं तर तो म्हणतो, ‘सगळ्यांनाच होतं.’ आणि सासूबाई रोज बजावतात, ‘सातव्यातलं मूल जगतं, आठव्यातलं जगत नाही, नोकरी सोड आणि घरी बस.’ त्या वाक्यानं तुझी झोप उडाली आहे.

आधी त्या वाक्याचंच बोलू. हा समज आपल्याकडे घरोघरी आहे आणि तो खरा नाही. पोटात जितके दिवस जास्त, तितकं बाळ बळकट. आठव्यात जन्मलेल्या बाळाला सातव्यातल्यापेक्षा जास्तच संधी असते. आत्ता तुझं बाळ साधारण सव्वा किलोच्या आसपास असेल. ३२ व्या आठवड्यापर्यंत ते पावणेदोन किलोच्या घरात जातं. डोळे उघडतात, मिटतात. तुझा आवाज त्याला ऐकू येतो. मेंदूवर वळ्या पडू लागल्यात, कातडीखाली चरबी साठतेय. फुप्फुसांत एक चिकट द्रव तयार होतोय, त्यामुळे श्वास सोडल्यावर आतल्या बारीक पिशव्या एकमेकींना चिकटत नाहीत. तो पुरेसा व्हायला अजून काही आठवडे लागतात. म्हणून ३४ आठवड्यांच्या आत कळा सुरू झाल्या, तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत यासाठी डॉक्टर आईला इंजेक्शन देतात. आठवा महिना बाळाच्या कमाईचा आहे, त्याची धास्ती घ्यायचं कारण नाही.

लक्ष कुठे द्यायचं, तर हालचालीकडे. ऑफिसात तू चालत असतेस, बोलत असतेस, डोकं आकड्यांत असतं; अशा वेळी बाळ हललं तरी ध्यानात येत नाही. रात्री आडवी झालीस की तेच बाळ धुमाकूळ घालतं, असं तूच लिहिलंस. शंका आली की काहीतरी खा, डाव्या कुशीवर पड, हात पोटावर ठेव आणि दुसरं काही करू नकोस. दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या पाहिजेत. लाथ, ढोसणं, कूस बदलणं, सगळं मोज. एकाच जागी तालात बारीक धक्के बसतात ना, ती बाळाची उचकी; ती मोजू नकोस. पुढे पुढे लाथेऐवजी कोपर सरकल्यासारखं वाटेल, पण ‘शेवटी शेवटी बाळ शांत होतं’ असं कोणी सांगितलं तर अजिबात ऐकू नकोस. रोजच्यापेक्षा हालचाल कमी वाटली तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. फुकट फेरी झाली तरी चालेल.

आता तुझ्या पत्रातली एक ओळ, जी तू सहज लिहून गेलीस: हिमोग्लोबिन ९.८, आणि लोहाची अन् कॅल्शियमची गोळी सकाळच्या चहासोबत एकदम. अगं, तिथंच घोळ आहे. चहा आणि कॅल्शियम, दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. गरोदरपणात हिमोग्लोबिन ११ च्या खाली गेलं की रक्त कमी समजतात. वाढलेलं गर्भाशय छातीचा पडदा वर ढकलतं, त्यामुळे थोडा दम सगळ्यांनाच लागतो. पण तुझ्या दमात या कमी रक्ताचाही वाटा असणार. शिवाय जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यांसाठी लागणारं लोह बाळ तुझ्याकडून आत्ताच साठवून घेतं. लोहाची गोळी लिंबूपाण्यासोबत घे, कॅल्शियमची दोन तास तरी सोडून जेवणानंतर, आणि चहा दोन्हींपासून लांब. डोस वाढवायचा का, ते डॉक्टरांना विचार. बसल्या जागी दम लागला किंवा छातीत दुखलं, तर मात्र लगेच दाखव.

पोट मधूनच कडक होणं हा गर्भाशयाचा सराव. पाणी पिऊन कुशीवर पडलं की तो थांबतो. ठरावीक अंतरानं पोट आवळत राहिलं, कंबर भरून आली, अंगावरून पाणी किंवा रक्त गेलं, तर लगेच दवाखाना गाठायचा. तसंच डोकं ठणकणं, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली दुखणं, चेहरा सुजणं: ही बीपी वाढल्याची खूण असू शकते. नवरा रात्रपाळीला असला तर १०८ ला फोन कर. तुझा दवाखाना रात्री बंद असेल, तर त्र्यंबक नाक्याजवळचं सिव्हिल हॉस्पिटल आहे, हे घरात सगळ्यांना माहीत असू दे. झोपताना कुशीवर झोप; जाग आल्यावर पाठीवर असलीस तर नुसती कूस बदल, घाबरायचं नाही.

सासूबाईंच्या जावेचं बाळ आठव्यात गेलं होतं, हेही तू लिहिलंस. त्यांचं बोलणं त्या आठवणीतून येतंय. त्यांच्याशी वाद घालू नकोस, पुढच्या तपासणीला त्यांना सोबत ने. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं आणि बाळाचे ठोके कानांनी ऐकले की त्यांचाही जीव थाऱ्यावर येईल.

नवऱ्याला मात्र स्पष्ट सांग. ‘दम लागतो’ एवढं सांगून भागणार नाही. ‘मला रात्री भीती वाटते, मी रडते’ हे सांग. पत्रात मला लिहिलंस, ते त्याला कळायला हवं. आणि रडू दोन आठवड्यांनंतरही थांबलं नाही, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाल. मनाच्या त्रासासाठी सरकारची टेलि-मानस ही फोनसेवा आहे; तिचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत.

नोकरी सोडायची गरज मला दिसत नाही. पहिल्या दोन बाळंतपणांना कायद्यानं २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, त्यातले आठ आठवडे तारखेआधी घेता येतात, म्हणजे ३२ आठवडे पूर्ण झाले की. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली तर गोष्ट वेगळी. रजेचा अर्ज याच आठवड्यात लेखी दे आणि त्याची पोच घे.